यंत्रांचें सोवळें

पाश्चात्त्य नृत्यसंगीताच्या प्रांतांत गेल्या कांहीं वर्षांपासून एक नवेंच सोवळें माजलें आहे. या सोवळ्यांत संगणकाचा विटाळ चालत नाहीं. आल्बम काढावयाचा तर तो चुंबकीय फितीवरच मुद्रित व्हावयास पाहिजे. ठेका धरावयाचा तो चाळीस वर्षांपूर्वीच्या जपानी ड्रम मशीननेंच धरला पाहिजे. आणि सूर निघावयाचे ते अशा सिंथेसायझरमधून निघाले पाहिजेत, कीं जो चालू करून घटकाभर तापल्याशिवाय सुरांत येत नाहीं. इतकें पथ्य सांभाळलें म्हणजे संगीतांत 'ऊब' येते, 'जीव' येतो. आणि ज्यांनीं तें सांभाळलें नाहीं त्यांचें संगीत थंड व निर्जीव होय, असा या पंथाचा सिद्धान्त आहे. आपल्याकडील सुशिक्षित घरांच्या दिवाणखान्यांतहि तबकड्या वाजविण्याचें यंत्र पुन्हा येऊन बसूं लागलें आहे, आणि त्याच्याबरोबर हा सिद्धान्तहि आंत शिरला आहे. जुन्या यंत्रांविषयीं आम्हांस तिटकारा आहे, असें मात्र वाचकांनीं समजूं नये. त्यांतलीं कांहीं इतकीं देखणीं आहेत, कीं त्यांच्यावर कोणाचेंहि मन जडावें. परंतु एखाद्या वस्तूवर प्रेम करणें निराळें आणि तिचा देव्हारा मांडून इतरांस ओंवळें ठरविणें निराळें. या दुसऱ्या उद्योगानें कोणाचें तरी पोट मारलें जातें, असें आमचें म्हणणें आहे, आणि तेवढ्यासाठींच हा लेख.

या पंथाचें मुख्य प्रमाण म्हणजे 'रँडम ॲक्सेस मेमरीज' हा २०१३ च्या मे महिन्यांत निघालेला आल्बम. तो काढणारे दोघे फ्रेंच गृहस्थ, तोमा बांगाल्तेर आणि गी-मान्युएल द ओमेम-क्रिस्तो, 'डाफ्ट पंक' या नांवानें प्रसिद्ध होते. (२०२१ मध्यें त्यांनीं ही जोडी मोडली.) यंत्रमानवांचीं शिरस्त्राणें घालून लोकांपुढें येणाऱ्या या दोघांचा १९९७ चा पहिला आल्बम 'होमवर्क' हा नांवाप्रमाणेंच घरच्या एका खोलींत, यंत्रांच्याच जोरावर तयार झाला होता. त्यांनींच पुढें लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क आणि पॅरिस येथील मोठाल्या स्टुडिओंचा आश्रय केला आणि हाडामांसाचे वादक बोलाविले. ड्रमवर जॉन रॉबिन्सन आणि ओमर हकीम. बेस गिटारवर नेथन ईस्ट. गिटारवर पॉल जॅक्सन आणि १९७० च्या दशकांत 'शीक' या वृंदाच्या बळावर सारी अमेरिका नाचविणारे नाइल रॉजर्स. खर्च त्या दोघांनीं पदरचा केला. जानेवारी २०१४ मध्यें या आल्बमला वर्षांतील सर्वोत्तम आल्बम म्हणून ग्रॅमी पारितोषिक मिळालें, ध्वनिमुद्रणाच्या कारागिरीचेंहि मिळालें, आणि जगभरच्या होतकरूंनीं जुन्या बाजाराची वाट धरली!

या होतकरूंनीं त्या आल्बमांत काय पाहिलें? फीत पाहिली, जुने मायक्रोफोन पाहिले, भिंतभर तारांचा सिंथेसायझर पाहिला. वादक मात्र कोणाच्या नजरेस पडले नाहींत. वास्तविक ज्या फितीचा एवढा गवगवा झाला, तिच्या जोडीला संगणकावरहि तेंच वादन एकाच वेळीं मुद्रित होत होतें. आणि वादकांनीं वाजविलेल्या लांबलचक तुकड्यांतून वेंचे निवडून ते जोडण्याचें काम संगणकाविना झालें नाहीं. म्हणजे पंथाच्या मूळपीठांतच संगणक कद नेसून पंगतीला बसला होता. त्याच आल्बमांत ज्योर्जो मोरोडर या इटालियन संगीतकाराचें आत्मकथन आहे. तें मुद्रित करतांना त्याच्यापुढें निरनिराळ्या काळांतले मायक्रोफोन मांडले होते. तारुण्याच्या हकीकतीस जुना, अलीकडच्या हकीकतीस नवा. हा फरक ऐकणारांस कोठें कळणार, असें मोरोडरनें विचारलें, तेव्हां इतरांस कळणार नाहीं, पण त्या दोघांस कळेल, अशा अर्थाचें उत्तर मिळालें, हें त्यानेंच मुलाखतींतून सांगितलें आहे. कलावंताचा लाडका हट्ट म्हणून आम्हांस ही गोष्ट फार गोड वाटते. पण कलावंताचा हट्ट हा अनुयायांचा शास्त्राधार होऊं लागला, म्हणजे मात्र पंचाईत होते.

आतां मोरोडरचाच विषय निघाला आहे, तर त्याचें पूर्वचरित्र पाहूं. १९७७ सालीं म्युनिकमध्यें त्यानें आणि पीट बेलट या त्याच्या सहकाऱ्यानें डोना समर या गायिकेसाठीं 'आय रिमेंबर यस्टर्डे' नांवाचा आल्बम केला. आल्बमची कल्पना अशी, कीं त्यांत एकेका गाण्यानें एकेका गतकालाची आठवण द्यावी आणि शेवटचें गाणें तेवढें भविष्यकाळाचें असावें. तें शेवटचें गाणें म्हणजे 'आय फील लव्ह'. त्यासाठीं एबरहार्ट श्यनर या जर्मन संगीतकाराच्या मालकीचा अवाढव्य मूग सिंथेसायझर आणला. माणसाचें असें त्या गाण्यांत काय आहे? डोना समरचा गळा आणि कीथ फोर्सी या वादकानें पायानें वाजविलेला मोठा ड्रम. बाकी सर्व यंत्र. तें यंत्र उष्णतेनें बेसूर होई, म्हणून एका दमांत सबंध गाणें मुद्रित करणें अशक्य होतें. थोड्या थोड्या सेकंदांचा तुकडा घ्यावयाचा, थांबावयाचें, पुन्हा सूर मिळवावयाचा. आज जुन्या यंत्रांचे भक्त या बेसूरपणासच 'चैतन्य' म्हणतात. त्या काळीं स्टुडिओंत बसलेल्या मंडळींना ती कटकट होती आणि ती दूर व्हावी म्हणून ते घाम गाळीत होते. परंतु आमचा मुद्दा याहून मोठा आहे. त्या आल्बमांतील गतकालाची हुबेहूब नक्कल करणारीं गाणीं आज कोणाच्या ओठीं आहेत? नृत्यसंगीताची दिशा बदलली ती त्या शेवटच्या गाण्यानें, आणि तें त्या दिवशीं हातीं लागण्याजोग्या नवींतल्या नव्या यंत्रावर केलेलें होतें. ज्यांना मोरोडरचा मार्ग गिरवावयाचा असेल, त्यांनीं त्याचें यंत्र शोधूं नये, त्याची दृष्टि शोधावी.

'ऊब ऊब' म्हणून जी म्हणतात तिचाहि एकदा हिशेब करून टाकूं. फितीवर घ्यावयाच्या आवाजाची पातळी वाढवीत नेली, म्हणजे फितीवरच्या चुंबकीय कणांची धारणशक्ति संपत येते. मग ध्वनितरंगांचे माथे एकाएकीं न तुटतां हळूहळू गोलावतात, आणि मूळ स्वराच्या तिप्पट कंपनसंख्येचा एक बारीक स्वर त्यांत मिसळतो. कानाला हें बरें वाटतें, यांत वाद नाहीं. पण हा फितीचा दोष आहे. तो जाणून घेऊन संगणकानेंहि उत्पन्न करतां येतो, आणि रोज हजारों ठिकाणीं केला जातो. फितीची खरखर कमी व्हावी म्हणून रे डॉल्बी यांनीं १९६० च्या दशकांत बुद्धि खर्च केली. आज तीच खरखर पैसे देऊन विकत घेतां येते! २०२२ सालीं अमेरिकेंत असें उघडकीस आलें, कीं ज्या एका नाणावलेल्या कंपनीच्या महागड्या तबकड्या केवळ मूळ फितीवरून, मध्यें संगणकाचा स्पर्श न होतां, तयार होतात अशी रसिकांची समजूत होती, त्यांतल्या पुष्कळशा तबकड्या कित्येक वर्षें अंकात्मक मुद्रणाच्या पायरीवरून उतरून येत होत्या. त्या ऐकून ज्यांनीं शुद्ध फितीच्या उबेचे पवाडे गाइले, त्या कानसेनांच्या कानांनीं इतकीं वर्षें काय ऐकलें, हा प्रश्न आम्हीं त्यांच्या सदसद्विवेकबुद्धीवरच सोंपवितों.

या पंथाच्या बाजूनें एक गोष्ट मात्र खरोखर बोलण्याजोगी आहे, आणि ती सोडून देणें अन्यायाचें होईल. चोवीस पदरी, दोन इंच रुंदीची फीत सेकंदाला तीस इंच या वेगानें धांवूं लागली, म्हणजे अडीच हजार फुटांचें सबंध रीळ साडेसोळा मिनिटांत संपतें. अशा फितीवर वाटेल तितके वेळां वाजवून पाहण्याची चैन परवडत नाहीं. गाणें आधीं बसवावें लागतें. कोणतें वाद्य कोठें थांबणार हें आधीं ठरवावें लागतें. आणि एकदां चोवीस पदर भरले, कीं पंचविसावें वाद्य घालण्यासाठीं आधींचीं दोन एकत्र करून त्यांचा तोल कायमचा ठरवून टाकावा लागतो. संगणकांत पदरांना अंत नाहीं आणि निर्णयाला मुहूर्त नाहीं. कित्येक तरुण संगीतकार एकाच गाण्याच्या चाळीस प्रती करून ठेवतात आणि त्यांतली खरी कोणती, हें त्यांचें त्यांनाच ठरवितां येत नाहीं. म्हणून मर्यादा ही कलेला उपकारक आहे, हें म्हणणें आम्हांस शंभर हिश्श्यांनीं मान्य आहे. पण मर्यादा घालून घेणें म्हणजे व्रत घेणें, आणि व्रताला पात्र चांदीचेंच लागतें असें आम्हीं कोठें वाचलें नाहीं. आठच पदर वापरीन, तीन वेळांपेक्षां अधिक वाजविणार नाहीं, हा संकल्प साध्या संगणकापुढें बसूनहि सोडतां येतो. त्याऐवजीं घर गहाण टाकून जुनें टेपयंत्र आणावयाचें, तें दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याचा शोध घेत फिरावयाचें, आणि फितीवर घेतलेलें सगळें शेवटीं संगणकांतच ओतून तेथें महिनेच्या महिने कातरीत बसावयाचें, या प्रकारास आमच्याकडे 'एकादशी आणि दुप्पट खाशी' म्हणतात.

आणि या एकादशीचा फराळ कोणाच्या घरून येतो? जपानच्या रोलंड कंपनीनें १९८० च्या सुमारास ज्या लहान पेट्या काढल्या, त्यांचा इतिहास पाहा. टीआर-८०८ हें ड्रम मशीन १९८० ते १९८३ एवढेंच तयार झालें. त्याच्या आवाजांतली ती प्रसिद्ध चरचर सदोष ट्रान्झिस्टरांतून निघत असे. कंपनीचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनीं ते मुद्दाम घेतले होते, आणि ट्रान्झिस्टरांची प्रत सुधारल्यावर तसले सदोष मिळेनासे झाले. टीबी-३०३ ही पेटी तर गिटार वाजविणाराला घरीं सरावाच्या वेळीं बेसची साथ मिळावी म्हणून काढलेली. बेससारखी ती मुळींच वाजेना. खप झाला नाहीं, आणि १९८४ त ती बंद झाली. मग हीं नाकारलेलीं यंत्रें जुन्या मालाच्या दुकानांतून कवडीमोलानें मिळूं लागलीं आणि शिकागोच्या कृष्णवर्णी तरुणांच्या हातीं पडलीं. 'फ्यूचर' असें नांव घेतलेल्या तिघा मित्रांनीं त्या ३०३ चीं बटणें भलत्याच रीतीनें फिरवून जो किंकाळ्या फोडणारा आवाज काढला, तो १९८७ सालीं 'ॲसिड ट्रॅक्स' या तबकडीवर निघाला, आणि नृत्यसंगीताची एक सबंध शाखा त्यांतून फुटली. हीं पोरें जुन्या यंत्रांचीं भक्त नव्हतीं. नवें घेण्यास त्यांच्यापाशीं पैसे नव्हते! आज तीच ३०३ हजारों डॉलरांना विकली जाते. ज्या यंत्राचा सारा महिमा त्याच्या स्वस्तपणांतून जन्मला, तें श्रीमंतांच्या कपाटांत जाऊन बसलें आहे. आणि ज्या पोराजवळ फुकट मिळालेला जुना संगणक आहे, म्हणजे जो आज शिकागोच्या त्या पोरांचा खरा वारस आहे, त्याला हे कपाटवाले 'तुझ्या संगीतांत जीव नाहीं' म्हणून हिणवितात.

याच शिकागो शहरांत १२ जुलै १९७९ रोजीं बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळांत डिस्को संगीताच्या तबकड्यांचा ढीग मैदानावर सुरुंग लावून उडविण्यांत आला, आणि त्यानंतरच्या दंग्यामुळें दुसरा सामना होऊंच शकला नाहीं. डिस्को कृत्रिम आहे, यांत्रिक आहे, खरें संगीत नव्हे, असा तेव्हांचा ओरडा होता. (त्या ओरड्याखालीं कृष्णवर्णीयांविषयींचा आकसहि होता, असें पुष्कळ जाणत्यांचें मत आहे, व तें आम्हांस पटतें.) आज ज्यांना मानवतेचा उबारा म्हणून गौरविलें जातें, तेच हे आवाज! १९८२ सालीं ब्रिटनमधील वादकसंघाच्या लंडनच्या एका शाखेनें सिंथेसायझर आणि ड्रम मशीन यांच्यावर बंदी घालावी असा ठराव केला. त्या वादकांस आम्ही हंसत नाहीं. आपल्या ताटांतली भाकरी कोण उचलून नेत आहे, हें त्यांना दिसत होतें. 'जुनी पद्धति' या एका शब्दाखालीं दोन अगदीं विरुद्ध गोष्टी कोंबल्या जातात, हें यावरून ध्यानांत यावें. दहा वादक एका खोलींत बसवून वाजविणें ही एक जुनी पद्धति; आणि त्या दहांना घरीं पाठवून एका पेटीकडून ठेका धरून घेणें, ही दुसरी. दोन्ही आतां जुन्या झाल्या आहेत. पण पहिलींत माणसाला मजुरी मिळत होती, दुसरींत ती बंद झाली. दोहोंवर एकाच 'उबे'चें पांघरूण घालणें ही बुद्धीची फसवणूक आहे.

हा प्रश्न मुंबईला परका नाहीं. १९८२ सालींच हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांतून वाजविणारे चरणजितसिंग यांनीं मुंबईंत एक आल्बम केला, तो एच. एम. व्ही. नें काढला. त्यांत ज्युपिटर-८ सिंथेसायझर, ती ३०३ आणि ती ८०८, एवढ्याच सामग्रीवर ललत, यमन, मालकंस, मधुवंती असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसविले होते. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची ३०३ मध्यें जी सोय आहे, ती मींडेच्या कामाला लावली. आल्बम खपला नाहीं. २०१० सालीं हॉलंडमधून तो पुन्हा निघाला, तेव्हां शिकागोच्या आधीं पांच वर्षें 'ॲसिड' मुंबईंत जन्मलें, असा पाश्चात्त्य पत्रांनीं गजर केला; आणि वृद्धापकाळीं चरणजितसिंग तींच यंत्रें घेऊन युरोपांत जाऊन वाजवूंहि लागले. २०१५ सालीं ते वारले. त्यांचा गौरव झाला याचा आम्हांस आनंद आहे. पण गजर करणारांचें सारें लक्ष पेट्यांवर होतें. एकच पेटी दोघांच्या हातीं आली म्हणून आवाज सारखा निघाला, यांत चमत्कार तो काय? विचार करण्याजोगी गोष्ट ही, कीं राग ज्याच्या कानांत मुरले आहेत, अशा एका व्यवसायी वादकानें त्या काळचें अगदीं नवें यंत्र उचललें आणि आपल्या कामाला जुंपलें. जुन्याची हौस त्यांत तिळमात्र नव्हती.

आणि त्यांच्या पाठीमागें मुंबईच्या नृत्यसंगीताचा केवढा इतिहास आहे! १९५१ च्या 'अलबेला'मध्यें सी. रामचंद्र यांनीं, म्हणजे आपल्या पुणतांब्याच्या चितळकरांनीं, जें नाचाचें संगीत दिलें, त्यांत ट्रम्पेटवाले गोमंतकीय शीक चॉकलेट आणि त्यांचा वृंद पडद्यावरहि दिसतो. गोव्याच्या चर्चच्या शाळांतून स्वरलिपि शिकून आलेल्या अशा शेंकडों वादकांनीं मुंबईचे स्टुडिओ चालविले. गाणें सबंध वृंदानें एकदम वाजवावयाचें. एकाचा सूर चुकला तर सर्वांनीं पहिल्यापासून. हीच ती 'जुनी पद्धति', जिचा आज जप चालतो. तबकडीवर गायकाचें नांव छापलें जाई, संगीतदिग्दर्शकाचें छापलें जाई. व्हायोलिन कोणाचें, ट्रम्पेट कोणाचा, हें कोणी विचारीत नसे. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस या थोर व्हायोलिनवादकाचें नांव घरोघर पोंचलें तें १९७७ च्या एका चित्रपटांतील विनोदी गाण्यामुळें, आणि तेंहि त्यांचा शिष्य प्यारेलाल यानें गुरूचें स्मरण ठेवलें म्हणून. पुढें सिंथेसायझर आले, पदरांचें मुद्रण आलें, संगणक आला, आणि हे वृंद ओसरले. त्यांतल्या कित्येकांनीं वाद्यें पेटींत घालून ठेवलीं तीं कायमचीं.

म्हणून आम्हांस डाफ्ट पंकच्या त्या आल्बममध्यें एकच गोष्ट अनुकरणीय वाटते. त्यांनीं उतरत्या वयाच्या वादकांना शोधून काढलें, खोलींत बसविलें, पैसे दिले आणि वेष्टनावर त्यांचीं नांवें छापलीं. मायक्रोफोन कोणत्या सालचे होते याला आम्ही फारसें महत्त्व देत नाहीं. अलीकडे आपल्याकडेहि 'जुन्या पद्धतीनें केलेलीं' म्हणून नृत्यगीतें निघूं लागलीं आहेत. अशा एका आल्बमच्या वेष्टनावर आम्हीं यंत्रांची यादी वाचली. प्रत्येकीचें नांव, अनुक्रमांक आणि तयार झाल्याचें सालहि दिलें होतें. गाण्यांत ढोलकी सुरेख होती. ती कोणीं वाजविली, हें कोठें आढळेना, म्हणून काढणारांस पत्र घालून विचारलें. ढोलकी तयार तुकड्यांच्या संग्रहांतून घेतली आहे, असें उत्तर आलें. मुंबईपुण्यांत ढोलकी वाजविणारे हात अजून आहेत, आणि त्यांची एका दिवसाची बिदागी त्या यादींतल्या कोणत्याहि पेटीच्या किंमतीपुढें क्षुल्लक आहे. पुढच्या आल्बमच्या वेळीं त्यांतली एक पेटी कमी घ्यावी आणि एक ढोलकीवाला बोलवावा, एवढी सूचना आम्हीं त्याच टपालानें उलट पाठविली आहे.